मायाळू दांडा आणि दुर्बीणभाऊ

दुर्बीणभाऊंना बॉल शोधताना मी पहिली अकरा-बारा वर्षं कधी पाहिलं नाही. आम्ही फटका मारायचो, बॉल झाडीत कुठंतरी गडप व्हायचा, आणि आम्ही कपाळाला आठ्या घालून गवत तुडवत हिंडायचो. भाऊ मात्र खांद्यावर पिशवी घेऊन संथ चालत जायचे आणि एका जागी उभे राहायचे. वाकायचे नाहीत, हाक मारायचे नाहीत. आम्ही दमून तिकडे पोहोचलो की त्यांच्या पायाशी बॉल दिसायचा. स्वयंपाकघरात न बघता हात घालून बाईमाणसानं मिठाचा डबा काढावा, तितकं ते सहज असे.

तळेगावच्या पलीकडे, परंदवडीच्या अंगाला, आमचं नऊ होलचं, म्हणजे बॉल घालायच्या नऊ खळग्यांचं, छोटं मैदान आहे. गोल्फ खेळणाऱ्याची पिशवी वाहायची, कुठला दांडा घ्यावा ते सांगायचं आणि उडालेल्या बॉलवर नजर ठेवायची, हे काम करणाऱ्याला कॅडी म्हणतात. भाऊ आमच्याकडचे सर्वांत जुने कॅडी. नाव बबन, पण ते फक्त त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्याला माहीत होतं. दुर्बीण हे नाव लोणावळ्याहून खेळायला येणाऱ्या डॉक्टरांनी ठेवलं आणि ते असं चिकटलं, की भाऊंच्या घरी दिलेल्या लग्नपत्रिकेवरही लोक तेच लिहायचे. भाऊंना त्याचा राग नव्हता. उलट नवा माणूस मैदानावर आला की ते स्वतःच जाऊन सांगायचे, “मला दुर्बीण म्हंत्यात.”

ही नजर त्यांनी कमावली ती तिकोणा पेठेत, गडाखाली शेरडं राखताना. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “गडाच्या पोटाला चिकाटल्यालं करडू खालनं दिसायचं मला. पांढरं आसलं तर बरं. काळं आसलं तर खडकात खडक. मग ते कुटनं गेलं तेवढं ध्यानात ठिवायचं.” बॉलचंही तसंच. बॉलकडं बघायचं नाही, तो ज्या झुडपाला शिवून खाली गेला त्या झुडपाकडं बघायचं, आणि मग जगबुडी झाली तरी नजर काढायची नाही. एकदा बॉल उडाला आणि त्याच क्षणी डॉक्टर मागे सरकता सरकता पाण्याच्या चरात पडले. डॉक्टर आडवे, आम्ही धावतोय, आणि भाऊ पाठमोरे तसेच करवंदीच्या जाळीकडे चाललेले. बॉलपाशी पोहोचल्यावर मग ते परत फिरले आणि डॉक्टरांना हात देत म्हणाले, “तुमी कुटं जाताय सायेब? बॉल गेला आसता.”

माझ्या खेळाबद्दल काय सांगू? मी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोल्फ शिकलो, तेही कारखान्यात परदेशी पाहुणे यायचे आणि त्यांच्यासोबत कुणीतरी खेळायला हवं म्हणून. माझा बॉल सरळ जाणं हा योगायोग असे. पण भाऊंनी ‘चुकला’ हा शब्द माझ्यापुढे कधी उच्चारला नाही. बॉल उजवीकडच्या नाल्यात गेला, तर “वाऱ्यानं नेला.” पानसुद्धा हलत नसेल अशा एप्रिलच्या दुपारीही वाऱ्यानंच नेला. मी चिडून म्हणायचो, “भाऊ, वारा कुठाय?” तर ते वर बघून म्हणायचे, “तितं वर आसतो. आपल्याला हितं लागत न्हाई.”

प्रत्येकानं आपल्या बॉलवर आपली खूण काढायची, अशी गोल्फमध्ये पद्धत आहे. नाहीतर दोघांचे बॉल जवळजवळ पडले की भांडणं होतात. आमच्या खुणा भाऊंनीच ठरवल्या होत्या आणि खेळ सुरू व्हायच्या आधी ते खिशातल्या पेनानं त्या स्वतः काढायचे. डॉक्टरांची फुली. बाईंची, म्हणजे तळेगावच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आमच्यात खेळायच्या त्यांची, चंद्रकोर. माझे दोन निळे ठिपके. मला ठिपके का, असं विचारलं तर म्हणाले, “तुमचं डोळे हायेत ते. सारखं बघत आसतात, कुटं काय चुकतंय.”

हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पंचवीस वर्षं मी एका कारखान्यात तपासणी विभागात काढली. चुकीचा नग दिसला की तो हातात उंच धरून सगळ्या लाइनसमोर ओरडायचं, ही माझी पद्धत. त्यानं सगळ्यांना धडा मिळतो, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. ज्याचा नग असेल त्या माणसाचं तोंड कसं होतं, तिकडे मी कधी पाहिलं नाही. नग महत्त्वाचा. निवृत्त झालो, पण ती खोड काही निवृत्त झाली नाही. घरी आमटीत मीठ जास्त झालं तरी मी पाहुण्यांदेखत जाहीर करतो आणि मग दोन दिवस मुकाट्यानं जेवतो.

निवृत्तीनंतर मी स्वतःला एक नवा ड्रायव्हर घेतला. ड्रायव्हर म्हणजे प्रत्येक होलच्या सुरुवातीला लांबचा पहिला फटका मारायचा दांडा. पूर्वी त्याचं डोकं लहान असायचं आणि बॉल नेमका मधोमध लागला नाही, तर हाताला झिणझिण्या यायच्या आणि बॉल भलतीकडे पळायचा. या नव्याचं डोकं चांगलं मोठ्या पेरूएवढं, वजनाला हलकं, आणि त्याची ख्याती अशी की फटका टोकाला लागला तरी तो बॉलला सरळ नेतो, लांब नेतो. मला अर्थातच खरं वाटलं नाही. तपासणीवाला माणूस. पहिल्याच सकाळी मी दांडा फिरवला, तो बॉलला कडेनं लागला हे मला हातात कळलं, आणि बॉल बंदुकीतून सुटल्यासारखा सरळ मैदानाच्या मधोमध गेला. मी पावलं मोजली. नेहमीपेक्षा चाळीस पावलं पुढे.

मग ती साथच पसरली. डॉक्टरांनी महिन्याच्या आत तसाच दांडा आणला आणि दहा वर्षं ज्या नाल्याला ते बॉल वाहत आले होते, तो पार केल्यावर मैदानावरूनच परदेशातल्या मुलाला फोन लावला. तिकडे मध्यरात्र होती. मुलाला वाटलं, घरी काहीतरी झालं. बाईंनी सहासष्टाव्या वर्षी पहिल्याच फटक्यात तो नाला ओलांडला आणि बाकावर बसून इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावला. चहाच्या टेबलावर दुसरा विषय नसे. कुणाचा बॉल किती पावलं गेला, कुणाचा फटका किती वाईट लागला आणि तरीही किती सरळ गेला, याचंच पारायण.

भाऊंनी तो दांडा हातात घेऊन फिरवून पाहिला, त्याच्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, “लय मायाळू हाय ह्यो. पोर कसंबी वागलं तरी आय बोलत न्हाई, तसलं.” तेव्हापासून आमच्यात त्याचं नाव मायाळू दांडा पडलं. आम्ही सगळे खूश होतो. भाऊ त्या दिवशी परत जाताना पिशवी नेहमीच्या खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत होते आणि बॉल जिथं पडला होता तिकडे मान वळवून वळवून बघत होते, हे मला दिसलं होतं. त्याचा अर्थ मी लावला नाही.

त्यानंतर बॉल हरवू लागले. आधी महिन्यातून एखादा, मग आठवड्याला दोन-तीन. भाऊ म्हणायचे, “गवत वाढलंय.” भर उन्हाळ्यात, गवत करपून पिवळं पडलेलं असताना म्हणायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना वाकून, पायानं गवत बाजूला करत बॉल शोधताना पाहिलं. कधी ते इतर कॅडी कुठल्या दिशेला निघतात ते बघून मग निघायचे. कधी म्हणायचे, “मी पुढं जाऊन थांबतो,” आणि फटक्याच्या आधीच पार वळणापाशी जाऊन उभे राहायचे. मला वाटलं, वय झालं, चालायचा कंटाळा येत असेल. मी त्यांना दोनदा बोललोही. “भाऊ, दुर्बिणीची काच पुसा जरा,” असं सगळ्यांदेखत. ते हसले. मीही हसलो. आज ते हसणं आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

मग पावसाळा सरता सरता बॉल पुन्हा सापडू लागले. सापडायचेही छान, कापलेल्या गवतावर, फटका मारायला सोयीच्या जागी. मी म्हटलं, दांड्याची कृपा.

ज्येष्ठ खेळाडूंची वार्षिक स्पर्धा होती. आठ होल झाले तेव्हा मी इतरांपेक्षा दोन फटके कमी घेऊन पुढे होतो. मी, ज्यानं आयुष्यात साधा पेलासुद्धा जिंकला नव्हता. नवव्या होलला मी मायाळू दांड्यानं असा फटका मारला, की मारल्यावर माझ्या तोंडून आपोआप “वा!” निघालं. बॉल उंच गेला, उजवीकडच्या झाडांवरून वळला आणि दिसेनासा झाला. भाऊ वळणापाशी उभे होते. आम्ही पोहोचलो तर ते कापलेल्या गवतावर उभे, आणि पायाशी बॉल.

बॉलवर कंपनीनं आकडा छापलेला असतो. सकाळी मी काढलेल्या बॉलवर तीनचा आकडा होता. यावर एकचा होता. त्यावर दोन निळे ठिपके मात्र होते. मी बॉल उचलला, त्यावरून अंगठा फिरवला, आणि ठिपके फराटले. निळी शाई माझ्या अंगठ्याला लागली. ओली.

“हा माझा बॉल नाही!” मी ओरडलो. बॉल हातात उंच धरून ओरडलो. “भाऊ, हे ठिपके तुम्ही आत्ता काढलेत! खिशातला बॉल टाकलात इथं!”

डॉक्टर थांबले. बाई थांबल्या. मागून येणारे चौघं थांबले. कॅड्यांवर देखरेख करणारे मास्तर पलीकडेच छत्रीखाली बसले होते, ते उठून आले. भाऊ माझ्याकडे बघत होते, पण नेमकं माझ्याकडे नव्हे, माझ्या कानाच्या थोडं बाजूला, जणू माझ्या शेजारी दुसरा कुणीतरी उभा होता आणि त्याला ते ओळखू पाहत होते. मला त्या वेळी ते निगरगट्टपणाचं वाटलं.

नियमाप्रमाणे बॉल हरवला असं धरून मी मागे गेलो, दंडाचा फटका घेतला, पुन्हा खेळलो आणि एका फटक्यानं हरलो. भाऊंनी शेवटपर्यंत माझी पिशवी वाहिली. सगळे दांडे पुसून जागच्या जागी लावले, बिल्ला काढून मास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले. चहापानाच्या वेळी क्लबच्या चिटणीसांनी माझ्या सचोटीचं जाहीर कौतुक केलं. टाळ्या झाल्या. जिंकलो असतो तर इतक्या झाल्या नसत्या. आणि खोटं कशाला सांगू, मला त्या आवडल्या.

पुढचा महिना-दीड महिना मी ते कौतुक मिरवलं. मग एके दिवशी बाकावर बाई शेजारी येऊन बसल्या. पस्तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. म्हणाल्या, “तुम्ही खरं बोललात, त्याबद्दल वाद नाही. पण केवढ्यानं बोललात हो!” मी म्हटलं, “नियम आहे.” त्या म्हणाल्या, “तो बॉल खेळायचा नाही, एवढाच नियम आहे ना? मग ‘भाऊ, माझा सापडत नाहीये, मी मागे जातो’ असं म्हणून बॉल खिशात घालता आला नसता? एक फटका जायचा तो गेलाच असता.”

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळ झाल्यावर मी परंदवडीला गेलो.

भाऊंचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. समोरच्या भिंतीशी फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढे ताजी फुलं. भाऊ जोत्यावर बसले होते. मी दहा पावलांवर येऊन उभा राहिलो तरी त्यांनी ओळखलं नाही. “कोन हाय?” असं विचारलं. मी “भाऊ” म्हणालो, तेव्हा आवाजावरून ओळखून उठले. मी त्यांच्या शेजारी जोत्यावर टेकलो.

मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा टाकता टाकता सगळं सांगितलं. “दोन वर्सं झाली. साखरंनं डोळं गेलं आतनं. डाक्टर म्हन्ला, आता माघारी न्हाई यायचं. कुनाला सांगू देईनात मला. तुमचा त्यो नवा दांडा आला त्या दिशी घरी आलं आन् जेवलंच न्हाईत. म्हन्लं, आता समद्यास्नी कळंल.”

“दोनशे पावलांवर मला दिसायचं की,” भाऊ म्हणाले. “म्हंजी दिसायचं न्हाई, पन सवयीनं घावायचा बॉल. जुन्या दांड्यानं कुनाचा कुटवर जातो ते पायाला पाठ व्हतं माज्या. नवा दांडा आला आन् समदेच पुढं जायला लागले. पाठ केल्यालं मोडलं.”

मग मी म्हटलं, “भाऊ, मला सांगायचं होतं एकदा.”

“काय सांगू? दुर्बिनीला दिसत न्हाई म्हनून?” मग त्यांचा आवाज बदलला. “सायेब, एक ऐका. तुमाला जितवायचं म्हनून न्हाई टाकला मी त्यो बॉल. चोर न्हाई मी. तुमी जितला काय न् हरला काय, मला काय? मला बॉल घावला पायजे व्हता. बास. मला घावला पायजे व्हता.”

मी त्यांचे हात धरले आणि माफी मागितली. नीट शब्द सापडले नाहीत, पण मागितली. ते म्हणाले, “नियम त्यो नियम हाय,” आणि चहाची बशी माझ्याकडे सरकवली. मी त्यांना पुन्हा यायला सांगितलं, नुसतं सोबत चालायला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. “वझं न्ह्यायला लय मानसं हायेत. मी वझं नेत न्हवतो.”

मी मास्तरांशी बोललो, चिटणीसांशी भांडलो. बिल्ला परत मिळाला, तो मी नेऊन दिला. मावशींनी तो डब्यात ठेवला. भाऊ आले नाहीत ते नाहीतच. पण मी चिवट आहे. सोमवारी मैदान बंद असतं, कुणी नसतं. थंडीच्या दिवसांत एका सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन गेलो आणि म्हटलं, “भाऊ, आज कुणी बघायला नाही. मी आणि तुम्ही.” त्यांनी मावशींच्या दिशेनं मान वळवली. मग मावशींनी त्यांची टोपी आणून हातात दिली.

भाऊ त्यानंतर चारच महिने होते. साखरेनं डोळ्यांनंतर मूत्रपिंड धरलं आणि मग फार वेळ घेतला नाही. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. तो सोमवार मैदानावरचा त्यांचा शेवटचा ठरेल, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गवतावर दव इतकं होतं की चार पावलांत बूट भिजले. पहिल्या होलला मी मायाळू दांडा काढला. भाऊ माझ्या उजव्या हाताला उभे राहिले, मान किंचित तिरकी करून. मी फटका मारला. वाईट लागला, तरी दांड्यानं तो सांभाळून घेतला आणि बॉल सरळ, लांब, डावीकडच्या उतारावर गेला. मला स्वच्छ दिसला.

“उजवीकडं,” भाऊ म्हणाले. “करवंदीच्या अल्याड. चला.”

आणि ते चालू लागले. मीही निघालो. त्यांच्या कोपराला हात लावून चालत राहिलो, उजवीकडे, बॉलपासून दूर. करवंदीच्या जाळीपाशी ते थांबले, जसे पूर्वी थांबायचे तसेच, न वाकता. चेहऱ्यावर असा काही भाव होता, की मी खिशात हात घातला, दुसरा बॉल काढला, हळूच गवतात टेकवला आणि लगेच उचलला.

“सापडला, भाऊ,” मी म्हटलं. “इथंच होता. तुम्ही म्हणालात तिथंच.” आणि बॉल त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो तळहातावर घेतला. बोटांनी सगळीकडून चाचपला. एकदा, दोनदा. भोवती सगळं गवत दवानं निथळत होतं, आमचे पाय घोट्यापर्यंत ओले होते, आणि तो बॉल माझ्या खिशातून आलेला, कोरडा ठणठणीत, वर थोडासा उबदारही. ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं. भाऊंची बोटं थांबली. ते माझ्या कानाच्या बाजूला बघत होते. मी वाट पाहत राहिलो.

मग त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढला आणि तो कोरडा बॉल नीट, सावकाश पुसला, ओला बॉल पुसावा तसा. माझ्या हातात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “लय वला झालता. मारा आता.”